दाजींची वाकडी रेघ

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (हल्ली उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग वजा करून घ्यावं. उरलेली सात मनापासून आहेत.) ताईची तब्येत कशी आहे, दवाखान्यात बाकावर बसून आपला नंबर लागूच नये म्हणून मनातल्या मनात विनवण्या करणारे तुमचे रोगी कसे आहेत, आणि त्यांचे दात कसे आहेत, हे सविस्तर कळवावं. इकडे सर्व क्षेम. म्हणजे क्षेम नाही, पण पत्राच्या पहिल्या परिच्छेदात तसं लिहायची रीत आहे आणि रीत मोडणारा मी कोण?

पत्रास कारण की, आपल्या जुन्या गृहसंगणक मंडळाच्या वार्तापत्राच्या गेल्या अंकात, तुमच्या पानावर, तुमच्या आकृतीत, डावीकडून येणारी एक रेघ वाकडी आहे. याबद्दल सदर वार्तापत्राचा संपादक, मुद्रितशोधक, टाचण्या मारणारा आणि पाकिटांना जीभ लावणारा अशा सर्व नात्यांनी मी आपल्याकडे रीतसर तक्रार करत आहे. दुसऱ्या कुणाची रेघ वाकडी आली असती तर मी हूं की चूं केलं नसतं. आपले अध्यक्ष चष्मे विकतात, तरी त्यांनी काढलेला चौकोन आजवर चारही कोपऱ्यांत मिटलेला मी पाहिला नाही, आणि त्याबद्दल त्यांना कधी बोललोही नाही. पण तुम्ही म्हणजे तुम्ही. तुम्ही जन्मात पट्टी हातात धरली नाही. लोकांच्या दाढांत तांदळाएवढ्या जागेत कारागिरी करणारा हात तुमचा. कागद म्हणजे त्याला मैदानच. ‘ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही त्याने पट्टी वापरावी,’ हे तुमचं वाक्य मंडळाच्या घटनेत घालावं असा ठराव एकदा आला होता. तो पास झाला नाही तो केवळ घटना कुणाकडे आहे हे कुणाला आठवेना म्हणून.

संस्कृत शिकलेल्या माणसाला पूर्वपीठिकेवाचून साधी तक्रारही करता येत नाही, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा सांगतो, त्या सोसाव्या. जगाने कधीच भंगारात काढलेले ते घरगुती संगणक: कीबोर्डच्याच पोटात सगळा संसार, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि प्रोग्रॅम आत घालायचा तो कॅसेटवरून, दारात शेपटी सापडलेल्या मांजराचा आवाज ऐकत. अशा यंत्रांवर जीव टाकणाऱ्या माणसांचं आपलं मंडळ. सगळे सभासद एका लिफ्टमध्ये मावतात, आणि दर वर्षी ती लिफ्ट जास्तच ऐसपैस वाटू लागली आहे. मंडळाचा नियम असा की यंत्रांच्या काळानंतर जन्मलेली कुठलीही वस्तू वार्तापत्राच्या कामी लावायची नाही. म्हणून आपला मजकूर अजूनही त्या करवतल्यासारखा आवाज करणाऱ्या प्रिंटरवर निघतो. त्याची रिबन बाजारात मिळेनाशी झाल्यापासून मी ती रबरी शिक्क्यांच्या शाईत भिजवतो, त्यामुळे अंक जांभळा निघतो आणि माझी बोटंही. (छापखान्यातल्यांना वाटतं, हा रोज कुठे ना कुठे मतदान करून येतो.) एक आकृतीचं पान तेवढं तुमच्या हातचं, काळ्या पेनाचं. ते तुम्ही टपालाने पाठवता आणि मी त्याच्या झेरॉक्स काढून अंकात टाचतो. पूर्वी तुम्ही ते बैठकीत सगळ्यांसमोर काढत होता, लोक खुर्च्या ओढून भोवती बसत. गेलं वर्षभर तुम्ही बैठकीला येत नाही. दवाखान्यात गर्दी असते, असं तुम्ही म्हणता. मी ते मंडळात तसंच सांगतो.

मला या यंत्रांतलं ओ की ठो कळत नाही, हे तुम्ही पहिल्यापासून जाणता. ताईचं लग्न झालं आणि जावयाबरोबर ते यंत्रही आमच्या घरात शिरलं. मी पोटासाठी औषधांच्या खोक्यांतल्या घडीच्या पत्रकांची मुद्रितं तपासतो, म्हणजे जगात सर्वांत बारीक छापलं जाणारं आणि सर्वांत कमी वाचलं जाणारं वाङ्मय, हे कळल्यावर तुम्ही म्हणालात, ‘मग तू आमचाच माणूस.’ झालं. त्या दिवसापासून अंकातले प्रोग्रॅम तपासणं माझ्या गळ्यात पडलं. सभासद ते अंकात बघून एकेक अक्षर यंत्रात बडवतात आणि एक स्वल्पविराम हुकला की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून गुरुजींनी लहानपणी पाठांतराला लावलेली युक्ती मी इथे वापरतो. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं. मग दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं, दुसरं-तिसरं. शतकानुशतकं वेदांमधली एक मात्रा इकडची तिकडे होऊ नये म्हणून कुणी महापुरुषांनी शोधलेली ही पद्धत मी परग्रहावरची विमानं पाडण्याच्या खेळासाठी राबवतो. गुरुजी असते तर त्यांनी माझं काय केलं असतं ते लिहीत नाही. परवा बायको म्हणाली, ‘काहीतरी पवित्र म्हणतोयस असं वाटून मी टीव्हीचा आवाज कमी केला होता. आधी नाही का सांगायचंस?’

तर असल्या माणसाच्या नजरेतून तुमची रेघ सुटणार कशी? ती निघते सरळच. मग मध्येच तिला काहीतरी आठवल्यासारखं होतं, ती वरखाली होते, बारीक बारीक, आणि कडेला पोचेपर्यंत पुन्हा शहाण्यासारखी चालू लागते. मी काय करावं? पट्टी घेऊन ती नीट करावी, तर दाजींच्या रेघेला पट्टी लावणारा पहिला माणूस म्हणून माझी नोंद झाली असती. मी ती तशीच जाऊ दिली. म्हटलं, बघतंय कोण. (आपल्या वार्तापत्राच्या बाबतीत हा हिशोब सहसा चुकत नाही.)

या वेळी चुकला. चौसष्टने बघितलं. (त्याच्या यंत्राच्या स्मृतीचा आकडा हेच आता त्याचं नाव झालं आहे. त्याची बायकोसुद्धा फोनवर ‘चौसष्ट बाहेर गेलेत’ म्हणून सांगते.) हा गृहस्थ सरकारी लिफ्टतपासनीस, म्हणजे कागदावर आहे तसंच जागेवर आहे का, हे पाहण्याचाच त्याला पगार. टीव्हीवरचं चित्र हलू नये म्हणून तुम्ही दिलेली जोडणी त्याने करायला घेतली. तांब्याची तार घेतली, तुमचं पान शेजारी ठेवलं, आणि चिमट्याने तार बरोब्बर तशीच वाकवली. तितक्याच लाटा, तेवढ्याच उंचीच्या. मी म्हटलं, ‘अरे बाबा, हे कशाला?’ तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाला, ‘दाजींनी काढलंय म्हणजे काहीतरी कारण असणारच की. ते काय उगाच हात हलवतात?’

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

आणि काय सांगू, कित्येक महिने थरथरणारं त्याच्या पडद्यावरचं चित्र एकदम थांबलं! (जोडणी करता करता त्याने टीव्हीमागची ढिली पिन दाबून बसवली होती, हे त्यानेच मला बोलता बोलता सांगितलं. पण एकदा चमत्कार झाला की पिनेला कोण विचारतो.) त्याने उरलेली आकृती तशीच सोडून दिली आणि घरोघरी फोन केले. आजवर आपल्या अंकातला वाचकांचा पत्रव्यवहार टाचणी डावीकडे असावी की वरती, या एकाच विषयावर चालत आला आहे. आता एकाने तुमच्या लाटांचं गणित मांडून पाठवलं. दुसऱ्याने पहिल्याचं खंडन केलं, त्यात ‘बालिश’ हा शब्द तीनदा आहे. तिसरा म्हणतो, यात नवीन ते काय, आम्ही तरुणपणी कारखान्यात तारा अशाच वाकवत होतो, फक्त बोभाटा करत नव्हतो. पोथीच्या पानावर माशी चिरडून डाग पडावा आणि पुढच्या टीकाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या डागाचा गूढार्थ लावत बसावं, असं मी थट्टेने म्हणत असे. ते माझ्या देखत घडलं. मंडळात त्या लाटेला आता ‘दाजी-वळण’ म्हणतात. आपल्याला जे करता येत नाही ते कुणाला तरी येत असतं, एवढ्या भरवशावर ही माणसं दिवस काढतात, दाजी. मीही त्यांतलाच, म्हणून त्यांना हसताना माझंच तोंड वाकडं होतं.

आता त्याच आकृतीच्या उजव्या बाजूला येतो. दोन रेघा एकमेकींना ओलांडून जातात तिथे तुम्ही एकीला इवलीशी कमान देता, म्हणजे दोघींची ओळखदेख नाही, आपापल्या वाटेने जावं. जिथे त्यांना जोडायचं तिथे ठिपका. एवढीशी खूण, पण यंत्राचं जगणं-मरणं तिच्यावर. या खेपेला एका ठिकाणी कमान हवी तिथे ठिपका होता. अध्यक्षांनी आकृती शेवटपर्यंत पाळली (चष्मेवाल्याची शिस्त) आणि ठिपक्याबरहुकूम तार जोडून यंत्र बैठकीत आणलं. वाचनालयाच्या तळघरातली ती आपली खोली, शेजारी पाण्याचा पंप गुरगुरतोय, सगळे दाटीवाटीने उभे, आणि अध्यक्षांनी बटण दाबलं. आधी पडद्यावर रंगीत पट्टे आले. ‘वा वा’ झालं. मग वास आला. मग कीबोर्डच्या फटींतून धूर यायला लागला, आणि चौसष्टने वायर उपटेपर्यंत सगळं संपलं होतं. ते यंत्र अध्यक्षांनी शाळेत असल्यापासून सांभाळलेलं, त्यांच्या थोरल्या मुलीपेक्षाही थोरलं. ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. धूर विरला तरी पुसतच होते.

मग चौकशी सुरू झाली. ‘हा ठिपका कुणाचा?’

‘दाजींचा असणं शक्यच नाही,’ चौसष्ट म्हणाला. ‘मूळ कागदावर शाई उडाली असणार. संपादकांची बोटं बघा.’

सगळ्यांनी माझी बोटं बघितली. ती जांभळीच होती.

म्हणजे एकाच कागदावर एकाच पेनाने काढलेली वाकडी रेघ ही तुमची प्रतिभा, आणि तिच्यापासून बोटभर अंतरावरचा ठिपका हा माझा गलथानपणा! जुने लेखनिक पोथीच्या शेवटी हात जोडून लिहून ठेवत, की बाबांनो, जसं दिसलं तसं उतरवलं, मला बोल लावू नका. मला तेवढीही सवलत नाही. मी पुढे झालो आणि म्हणालो, ‘हो, माझ्याच हातून शाई पडली.’ तिथल्या तिथे शुद्धिपत्र छापायचं ठरलं. माझा राजीनामा मागण्यात आला, तो मी दिला, आणि तो नामंजूर झाला, कारण पाकिटांना जीभ लावायला दुसरं कुणी तयार होईना. जन्मभर लोकांच्या चुका पुसण्यावर ज्याचं पोट चाललं, त्याची स्वतःची म्हणून जी काही पत होती ती त्या तळघरात गेली. निघताना अध्यक्ष मला दारात म्हणाले, ‘होतं असं. वय झालं की नजर जाते. दुकानात या, नंबर तपासून देतो.’ शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी तुमचा मूळ कागद काढला आणि भिंगाखाली धरला. ठिपका काळा आहे. जांभळा नाही. पेन तिथे टेकलं आणि कमानीसाठी उचलायचं ते उचललंच गेलं नाही, असं दिसतं. यापुढचं पत्राच्या या भागात लिहीत नाही.

चार दिवसांनी तुमचा फोन आला. ‘काय रे, औषधांची पत्रकंही तूच तपासतोस ना? मग रोग्यांचं काही खरं नाही!’ आणि तुम्ही हसलात. मीही हसलो. पण दाजी, त्या क्षणापासून मला तुमचा जो राग आला आहे तो हे लिहितानाही उतरलेला नाही. ज्याच्यासाठी मी भर बैठकीत मान खाली घातली, त्यानेच मला टोमणा मारावा? आणि आणखी एक. इतकी वर्षं तुमच्या विनोदाला सगळ्यांत आधी तुम्ही स्वतः हसत आला आहात. (बऱ्याचदा सगळ्यांत शेवटीही तुम्हीच.) या वेळी तुम्ही बोललात, मग थांबलात, आणि मी काही म्हणतोय का याची वाट बघून मग हसलात.

असो. मुख्य कामाचं राहिलंच. समितीने एकमताने (म्हणजे माझं मत न विचारता) ठरवलं आहे की पुढचा अंक ‘दाजी-वळण विशेषांक’ म्हणून काढायचा. त्यासाठी आपण या वळणामागचं तत्त्व समजावून सांगणारा लेख लिहावा, सोबत नवी आकृती द्यावी, आणि बैठकीला येऊन ते वळण सर्वांसमक्ष काढून दाखवावं. चौसष्ट त्यासाठी मोठा फळा आणणार आहे. समितीची ही आग्रहाची विनंती आपल्यापर्यंत पोचवण्याचं काम माझ्याकडे होतं. ते झालं. ताईला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
शाईवाला मेहुणा

ता. क. वरची विनंती समितीची आहे, माझी नाही. लेख लिहू नका. आकृती पाठवू नका. फळ्यापुढे तर उभे राहूच नका. दाजींना सवड नाही, असं मी सांगेन. तुमच्याबद्दल काहीही सांगितलं तरी ही मंडळी विश्वास ठेवतात. वळणाचं तत्त्व मीच लिहून काढीन. कळत नसलेल्या विषयावर लांबलचक लिहिण्याचं शिक्षण मी चांगल्या गुरूकडे घेतलं आहे.

पुन्हा ता. क. मी दाढ दाखवायला का येत नाही, असं ताई दोनदा विचारून गेली. दाढ काढली. तुमच्याकडे नाही, छापखान्याच्या गल्लीत एक नव्या डॉक्टरीणबाई आहेत त्यांच्याकडे. आमच्या सगळ्या घराचे दात तुमच्या हाताखालून गेले, आईची कवळी तुम्ही केलीत, आणि मी परक्या दारात जाऊन आ केला. ‘जवळ पडतं म्हणून,’ असं ताईला सांगितलं. ते खोटं आहे. तुमच्या दवाखान्याचा जिना चढून मी दारापर्यंत आलो होतो. आत ड्रिल चालू होतं. ते मध्येच थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मी तसाच खाली उतरलो.

आणखी एक, आणि हे शेवटचं. मागे तुमच्याकडे आलो तेव्हा सगळ्यांचे चहाचे कप भरलेले होते आणि तुमचा अर्धा. तो ताईनेच तसा भरला होता, न विचारता. तिला काही दिसत नाही असं तुम्ही समजत असाल तर तसं नाही. आम्हाला दोघांनाही दिसतं, आणि आम्ही दोघंही तुमच्यापुढे बोलत नाही, एकमेकांपुढेही नाही. ठिपका तुमचा आहे, दाजी. रेघही तुमचीच आहे. तुमचा हात थरथरतो. तो कुणा चांगल्या डॉक्टरांना दाखवू या, मी बरोबर येईन, बाहेर बाकावर बसेन, काही विचारणार नाही. मंडळाचं काय व्हायचं ते होवो, यंत्रं जळाली तर जळोत. पण उद्या सकाळी तुम्ही दवाखाना उघडणार, आणि कुणीतरी खुर्चीत बसून, डोळे मिटून, तुमच्यावर भरवसा टाकून तोंड उघडणार. त्याला इजा झाली तर तो बरा होईल. तुम्ही बरे होणार नाही. मला याची भीती वाटते.